रातांब्याच्या चुलत भावाला भेटायला

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून येताना मी आत्यासाठी मँगोस्टीनचा डबा आणला होता. चार फळं, किंमत सांगितली असती तर तिने मला परत मुंबईला धाडलं असतं. जाड जांभळी साल, आत लसणाच्या पाकळ्यांसारखा पांढराशुभ्र गर. आत्याने फळ दोन तळव्यांत दाबून फोडलं, बोटांना लागलेला रंग बघितला, एक पाकळी तोंडात टाकली आणि म्हणाली, "अरे, हा तर गोड रातांबा!"

मी हसलो, पण बाईचं चुकलं नव्हतं. आपलं कोकम, म्हणजे रातांबा, आणि मँगोस्टीन एकाच गार्सिनिया प्रजातीतले, अगदी सख्खे चुलत भाऊ. जन्मभर रातांबे फोडून सोलं, म्हणजे आमसुलं, वाळवलेल्या हातांना ते सालीवरूनच कळलं.

चार फळांत पाच बिया निघाल्या. तिने त्या पिशव्यांत लावल्या, दीड महिना पाणी घातलं. एकही वर आली नाही. "बी मेलेलीच होती," एवढंच म्हणाली; पण तिने लावलेलं काही उगवत नाही ही गोष्ट तिच्या पचनी पडणारी नाही. यंदा मे संपता संपता फर्मान आलं. "ते झाड जिथे आहे तिथे जाऊया. पाऊस लागल्यावर. बी ताजी मिळायला हवी."

आत्या अडुसष्ट वर्षांची. माझं काम सामान उचलणं आणि भाव विचारणं.

पहिला दिवस : रत्नागिरी ते गाडी

सांगण्यासारखं फार नाही. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या सावकाश चालतात आणि वेळाही बदलतात, तेव्हा तिकिटावरची वेळ निघण्याआधी पुन्हा एकदा बघून घ्या. आत्याच्या सामानात दोन लुगडी, एक आमसुलांची पुडी आणि पाच खणी स्टीलचा डबा. डब्यात खाऊ असेल म्हणून मी उघडला, तर सगळ्या खणांत नारळाच्या सोडणांचा ओलसर भुसा.

"हे काय?"

"बियांचं अंथरूण. तुझ्या त्या कोकोपीटला पैसे पडतात."

दुसरा दिवस : त्रिशूर

दुपारी त्रिशूरला उतरलो तेव्हा पाऊस असा पडत होता की रिक्षावाल्याला लॉजचं नाव तीनदा ओरडून सांगावं लागलं. त्यात आषाढी एकादशी. संध्याकाळी शक्तन तंपुरान मार्केटला गेलो. कोचीच्या एका राजाच्या नावाने असलेला हा बाजार. दारातच केळ्यांचे घड छतापर्यंत टांगलेले, खाली ओलं गोणपाट, आणि त्यापुढे रंबुटानचे ढीग. लाल, केसाळ, दुरून बघितलं तर कुणी लहान मुलांच्या लोकरीच्या टोप्या ओतल्यात असं वाटावं.

"उपासाला चालेल का गं हे?" मी विचारलं.

"फळ ते फळ. चालत नाही असं कोणत्या पोथीत लिहिलंय? पोथी लिहिणाऱ्याने हे बघितलेलं तरी होतं का?"

विकणारी चेची पन्नाशीची. (चेची म्हणजे ताई. केरळात बाजारात या एका शब्दावर निम्मा व्यवहार होतो. पुरुषाला चेट्टा म्हणायचं.) भाव दोनशे रुपये किलो सांगितला, एकशेऐंशीला दिला. निवडायची रीत तिनेच दाखवली. केस टवटवीत हवेत, टोकं काळी पडली की फळ शिळं. आणि एक फोडून खाऊन बघायचं, कारण काही जातींचा गर बीपासून सुटा होतो, तर काहींचा बीच्या वरचं कागदासारखं साल घेऊन येतो आणि तोंडात लाकडाचा भुसा चघळल्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट तिने हाताचे पंख करून समजावली. चोच किंवा दात लागलेलं, भोक पडलेलं फळ कितीही छान दिसलं तरी घ्यायचं नाही. २०१८ साली कोळिकोडला निपा विषाणूची साथ आली, तेव्हापासून वटवाघळाने उष्टावलेलं फळ इथे पोरंसुद्धा उचलत नाहीत. त्रिशूरच्या आसपास घरोघरी रंबुटानच्या अख्ख्या झाडावर मासेमारीच्या जाळ्यासारखी जाळी टाकलेली दिसते ती वटवाघळांसाठीच. फळ बाजारातून आणा नाहीतर झाडावरून काढा, धुऊन खा. खाली पडलेलं खाऊ नका. ही टीप मी विनोद न करता देतोय.

शेजारी फणस होते. चेचीने एकावर हात ठेवून सांगितलं "वरिक्का", दुसऱ्यावर "कूळा". आम्ही कोरे. मग तिने पहिल्यासाठी दातांनी करकर चावल्याचा अभिनय केला आणि दुसऱ्यासाठी घशातून सुर्रकन गिळल्याचा. आत्या टाळी देऊन म्हणाली, "कापा नि बरका!" दोघी इतक्या हसल्या की मागचं गिऱ्हाईक खोळंबलं.

रात्री लॉजवर बसून दोन किलो रंबुटान खाल्ले. त्यातल्या चांगल्या चाळीस बिया आत्याने गर खरवडून, चार पाण्यांनी धुऊन घेतल्या. वीस तिच्या डब्यात गेल्या. वीस माझ्या वाट्याला. खोलीत छोटा फ्रीज होता. बिया ताज्या राहाव्यात म्हणून मी माझ्या वीस ओल्या फडक्यात बांधून त्यात ठेवल्या आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

तिसरा दिवस : परियारम

प्रवासातला खरा दिवस हा. त्रिशूरहून चालकुडी, तिथून अतिरप्पिळ्ळीच्या दिशेने जाणारी खासगी बस. वाटेत परियारम लागतं. चालकुडी नदीकाठच्या या भागात घराघराच्या परसात मँगोस्टीन आहे. वर माड, मध्ये पोफळी आणि जायफळ, आणि त्या सावलीत काळपट हिरव्या, चामड्यासारख्या जाड पानांचं, शंकूच्या आकाराचं झाड. आपल्याकडे घराजवळ रातांबा असतो तसं.

रिक्षावाल्याने आम्हाला त्याच्या ओळखीच्या एका घरी नेलं. पडवीत आत्याच्याच वयाच्या अम्मा बसल्या होत्या. मी मोडक्या इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी आत्याच्या लुगड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या, बसा. रत्नागिरी का?"

वीस वर्षं डोंबिवलीत काढलेली बाई! यजमान रेल्वेच्या कामाला होते, निवृत्तीनंतर गावी परतले. मराठी थोडी गंजलेली, पण "लोकल चुकली" आणि "पाणी गेलं" ही दोन वाक्यं अगदी अस्सल. पुढचे तीन तास मी बहुतेक बघ्याच्या भूमिकेत होतो.

अम्मांनी झाड दाखवलं. फळं झाडावर असतानाच व्यापारी अख्ख्या झाडाचा सौदा करून जातो, आपल्याकडे आंब्याची कलमं देतात तसं. काढायची ती बांबूच्या टोकाला जाळी लावून, अलगद. मँगोस्टीन जमिनीवर आपटलं की आपटल्या जागी साल दगडासारखी घट्ट होते, म्हणून बाजारात घेताना फळ बोटांनी किंचित दाबून बघायचं. साल दबली पाहिजे. कडक फळ उघडतच नाही, उघडलंच तर आत पिवळा चीक. आणि फळ उलटं करून बघायचं. बुडाला लाकडी फुलासारखी खूण असते, तिला जितक्या पाकळ्या तितक्याच फोडी आत. आत्याने सहा फळांवर हे तपासलं. पाच, सहा, सात, सगळी बरोबर. "देवाने हिशोब लिहून पाठवलाय," म्हणाली. खायला जास्त पाकळ्यांचं फळ बरं, फोडी बारीक आणि बिया कमी. आम्हाला उलटं हवं होतं. जाड फोडीतली टपोरी बी, कारण बी जितकी वजनदार तितकी उगवायला भरवशाची.

चव? मुंबईच्या डब्यातली चव आणि ही चव यांत कैरी आणि पाडाच्या हापूसइतका फरक. आंबटपणा मागून येतो, अगदी जाताना. कपड्यांना मात्र जपा. सालीचा जांभळा डाग माझ्या शर्टावर अजून आहे, रातांब्यासारखाच चिवट.

मग आत्याने मनातला प्रश्न काढला. दोन वर्षांपूर्वीच्या त्या पाच बिया का आल्या नाहीत?

"मॉलमधलं फळ ना? ते थायलंडहून येतं, थंडीत ठेवून," अम्मा म्हणाल्या. "या बियांना वाळवायचं नाही आणि गार करायचं नाही. दोन्हींनी मरते."

भात, भाजी, कडधान्याचं बी आपण वाळवून वर्षभर ठेवतो. पण बारमाही दमट जंगलातल्या झाडांना थांबायची सवयच नाही. तिथे बी पडली की ओल तयार असते. मँगोस्टीन, रंबुटान, ड्युरियन, फणस, सगळी याच जातकुळीची. बीतलं पाणी कमी झालं की कोंब मरतो, आणि फ्रीजच्या गारठ्यातही तेच होतं.

हे ऐकताना माझ्या पोटात काय झालं ते सांगत नाही. आत्याने फक्त माझ्याकडे बघितलं. फ्रीजबद्दल तिला माहीत होतं. रात्री बोलली नव्हती इतकंच.

दोघींचं बोलणं मग झाडाच्या नर-मादीवर गेलं. रातांबा बीपासून लावला की जवळजवळ निम्मी झाडं नर निघतात आणि सात-आठ वर्षं वाढवल्यावर फुलोरा आला की कळतं, फुकट गेलं. म्हणून दापोलीच्या विद्यापीठाने 'कोकण अमृता'ची कलमं दिली तेव्हा आमच्याकडे लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मँगोस्टीनला ही भानगड नाही. त्याची बी परागीकरणाशिवायच तयार होते, नराची गरजच नसते, आणि रोप आईची हुबेहूब नक्कल. "म्हणजे बापाचा पत्ताच नाही," आत्या म्हणाली. अम्मांना डोंबिवली आठवून हसू आवरेना.

झाडाखाली आपोआप उगवलेली रोपं होती. मी एक मागितलं, तर अम्मांनी मान हलवली. सोटमूळ खोल जातं, बारीक मुळ्या फार कमी, उपटलं की रोप मरतं. बी न्या, आणि लावायची ती उंच पिशवीत, पुन्हा हलवावी लागणार नाही अशा बेताने.

निघताना आत्याने पिशवीतून आमसुलांची पुडी काढून अम्मांच्या हातात ठेवली. अम्मांनी वास घेतला, आत गेल्या आणि चुलीवरच्या धुरात काळीकुट्ट झालेली कुडंपुळी घेऊन आल्या. मलबारी माशाच्या कालवणातला आंबटपणा हिचा, आणि हीसुद्धा गार्सिनियाच. घराण्यातलं तिसरं भावंड. चौदा मँगोस्टीनच्या बियांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. फळांचे तीनशे रुपये किलोने चोख घेतले. असा व्यवहार मला आवडतो.

अतिरप्पिळ्ळीचा धबधबा बघितला. धुक्यात होता, आवाज मोठा होता. त्यापेक्षा परतीच्या वाटेवर छत्रीखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे जे मिळालं ते लक्षात राहिलं. मूट्टिप्पळम. लिंबाएवढी लालबुंद फळं, झाडाच्या खोडाला अगदी बुंध्यापासून लगडतात. मलयाळममध्ये 'मूड' म्हणजे बूड, त्यावरून नाव. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाच्या जंगलातलं आपलं देशी झाड, बाहेरून आलेलं नव्हे, आणि मी पन्नाशीला आलो तरी नाव ऐकलं नव्हतं. आंबटगोड, पाणीदार. आत्याने दहा बिया ठेवल्या.

चौथा दिवस : मण्णुत्ती आणि पुढे

फ्रीजमधल्या बिया काढून मी आदल्या रात्रीच डब्याच्या पाचव्या खणात हलवल्या होत्या. "वेगळ्या ठेव," आत्या म्हणाली होती. "माझ्या बियांत कालवू नको."

सकाळी मण्णुत्तीला गेलो. केरळ कृषी विद्यापीठाचा परिसर जवळच, आणि महामार्गाच्या कडेने रोपवाटिकांची रांगच रांग. ज्यांना फळ लवकर हवं त्यांनी सरळ इथे यावं. रंबुटानचं बीपासून लावलेलं रोप निम्म्या वेळा नर निघतं आणि कळायला पाच-सहा वर्षं लागतात. डोळा भरलेलं कलम दोन-तीन वर्षांत धरतं. एन-१८ ही जात इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. घेताना जोड नीट बघा आणि जोडाच्या खालून फुटलेली फांदी असेल तर ते कलम घेऊ नका. मी दोन घेतली. आत्याने माझ्याकडे, बाजारातून तयार पुरणपोळी आणणाऱ्या सुनेकडे बघावं तसं बघितलं.

दुपारी बसने पालक्काडवरून कोइम्बतूर, रात्री मेट्टुपाळयम. घाटाच्या खिंडीतून पलीकडे गेलो आणि पाऊस कुणी नळ बंद करावा तसा थांबला.

पाचवा दिवस : बर्लियार

मेट्टुपाळयमहून कुन्नूरला जाणाऱ्या घाटात बर्लियार लागतं. इथला सरकारी फळबाग प्रकल्प इंग्रजांच्या काळातला. मँगोस्टीन, ड्युरियन, लवंग, जायफळ असली झाडं तेव्हापासून या ओल्या घळीत आहेत. दोन टिपा. बाहेरच्या गाडीला निलगिरीत जायला ई-पास लागतो, सरकारी बसने गेलात तर ती कटकट नाही. आणि जिल्ह्यात प्लास्टिकच्या बाटल्यांना बंदी आहे, पाणी स्टीलच्या बाटलीत न्या.

आम्ही आलो होतो ड्युरियनसाठी. ते झाडावरून तोडत नाहीत. पिकलं की आपण होऊन पडतं, बहुधा रात्री, म्हणून राखणदार ठेवतात. रस्त्याकडेच्या दुकानातल्या अक्काकडे दोनच होते. भाव ऐकून मी मागे सरकलो, आत्या पुढे सरकली. या फळाने मूल होतं अशी तिकडे समजूत आहे, त्यासाठी लांबून जोडपी येतात. अक्काने आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही.

फळ कोयत्याने उकललं. आत पिवळसर गरे. वासाबद्दल सगळ्यांनी लिहून ठेवलंय, मी फक्त आत्याचा निकाल देतो. "बरक्या फणसाच्या घमेल्यात कुणीतरी कांदा चिरलाय. पण दुसरा गरा दे." मला पहिला गराच जड गेला. दाट, तुपकट, गोड, आणि नाकाने सतत केलेला निषेध. गंमत अशी, की रंबुटान नासवणाऱ्या वटवाघळांचीच फूलरस पिणारी भावकी ड्युरियनच्या फुलांचं परागीकरण करते. इथे जाळी लावणाऱ्याला फळ मिळायचं नाही.

उरलेलं अर्धं फळ कागदात गुंडाळून बसथांब्यावर आलो. कंडक्टरने पायरीवरूनच हात आडवा केला. तमिळ कळली नाही, अर्थ कळला. कठड्यावर बसून आत्याने ते एकटीने संपवलं आणि सहा बिया नळाखाली धुतल्या. फणसाच्या आठळ्यांसारख्या, थोड्या थोराड. पुढची बस तासाने मिळाली.

सहावा आणि सातवा दिवस : परत

कोइम्बतूरहून शोरनूर, तिथे गाडी बदलली. बियांचा डबा दिवसातून एकदा उघडून वारा द्यायचा, नाहीतर बुरशी धरते. सातव्या दिवशी पहाटे मडगावच्या आसपास आत्याने झाकण काढलं. समोरच्या बाकावरचा गृहस्थ झोपेतून उठून बसला आणि त्याने बूट तपासले. ड्युरियनच्या एका बीला पांढरं मूळ फुटलं होतं. तीन दिवसांत! आत्याने डबा त्या गृहस्थाच्या नाकाखाली धरून मूळ दाखवलं. तो पुढच्या डब्यात जाऊन बसला.

घरी

त्याच दिवशी दुपारी, आंघोळीच्याही आधी, सगळं लावलं. उंच पिशव्या, माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत. बी आडवी, बोटाच्या अर्ध्या पेराइतकी खोल. वर झावळ्यांचा मांडव. नावं आत्याने खडूने लिहिली.

ड्युरियन सहापैकी पाच आले, आठवड्यात. त्यातले दोन पिशवीत पाणी साचून मुळं कुजल्याने गेले, तेव्हा भोकं जास्त पाडा. आत्याच्या वीस रंबुटानपैकी सोळा आले, दोन ते तीन आठवड्यांत. मँगोस्टीन चौदांपैकी नऊ, पण महिनाभर जीव टांगणीला लावून. आणि आल्यावरही दोन पानं काढून थांबलेत. त्यांची मर्जी. मूट्टिप्पळम एकही नाही.

खरी परीक्षा दिवाळीनंतर सुरू झाली. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या वाऱ्यांचा दुसरा पाऊस पडतो. आपल्याकडे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत कोरडं. पाऊस आपल्याकडे कमी नाही, तो चार महिन्यांत उरकून मोकळा होतो. डिसेंबरात मँगोस्टीनच्या पानांची टोकं करपायला लागली. आता मांडवाला गोणपाट ओलं करून बांधलंय, दिवसाआड पाणी. पहिली तीन-चार वर्षं सावली द्यावीच लागते आणि फळाला आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. आत्याने हे ऐकून घेतलं आणि पाण्याची झारी मोठी आणायला सांगितली.

अम्मांचा महिन्यातून एकदा फोन येतो. त्यांना आमसुलं अजून हवी आहेत. आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यात कुडंपुळी घालून झाली. आत्याच्या मते धुराचा वास बरा आहे, पण सोलं ती सोलं.

राहिल्या माझ्या फ्रीजमधल्या वीस बिया. त्यातली एक आली. तिच्या पिशवीवर आत्याने रंबुटान लिहिलेलं नाही, 'फ्रीज' असं लिहिलंय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आधी तीच दाखवते. झाड नर निघणार यावर तिने माझ्याशी शंभर रुपयांची पैज लावली आहे. निकाल पाच-सहा वर्षांनी.